पोरगा परत यायचं म्हणतो, तेव्हा



पूर्वी लोक आमच्याकडे यायचे ते जातीचा दाखला, रेशनकार्ड, नाहीतर शाळेच्या फीच्या सवलतीसाठी. अलीकडे पासपोर्टची झेरॉक्स घेऊन येतात. सुभाष टेकडीवरून येतात, अंबरनाथच्या बुवापाड्यातून येतात, बदलापूरला नव्याने खोली घेतलेले येतात. बहुधा आई पुढे असते, बाप मागे गप्प उभा असतो. "दादा, पोरगं तिकडं अडकलंय. काम नाही म्हणतंय. यायचं म्हणतंय. काय करावं?" आणि लगेच खालच्या आवाजात दुसरे वाक्य येते, "पण पैसे काढलेत ना हो त्याच्यापायी!"

या दुसऱ्या वाक्याबद्दल आज आम्हाला लिहायचे आहे.

आपली पोरे आखातात का जातात हे आम्ही कोणाला शिकवायची गरज नाही. ज्यांचे आजोबा खेड्यातली येसकरी टाकून कल्याण-अंबरनाथच्या कारखान्यांत आले, त्यांच्या नातवाला घर सोडण्याचे भय कुठून असणार? मोहन्याची एनआरसी २००९ साली बंद पडली. १ ऑक्टोबर २०२१ ला सरकारने आयुध निर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या केल्या, तेव्हापासून ऑर्डनन्सच्या नोकरीकडे बघण्याची पूर्वीची निश्चिंती राहिली नाही. वालधुनीच्या प्रदूषणावरून उल्हासनगरातल्या अनेक जीन्स धुलाई कारखान्यांना टाळे लागले. एमआयडीसीत काम आहे, पण कंत्राटाचे. अशा वेळी कोणी येऊन सांगतो की शारजात बाराशे दिरहॅम पगार, राहणे फुकट, तर पोरगा हुरळणारच. जाणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, दोष देण्याआधी हिशोब मांडून बघतो.

उदाहरणादाखल मांडू. एजंटाला, तिकिटाला आणि वैद्यकीय तपासणीला मिळून १ लाख २० हजार लागले. ते शेकडा ३ रुपये महिना व्याजाने काढले. म्हणजे महिन्याला ३,६०० रुपये नुसते व्याज. सांगितले होते १,२०० दिरहॅम, हातात पडतात ८००. जेवण आणि फोनला ३५० गेले. उरले ४५०. दिरहॅमचा भाव २३ रुपये धरला तर १०,३५० रुपये. त्यातून व्याज वजा जाता घरी ६,७५०. असे २४ महिने पोराने एकही दिवस आजारी न पडता काढले आणि घराने त्यातला एक पैसाही खर्च केला नाही, तर जमले १ लाख ६२ हजार. त्यातून मुद्दल फेडली की शिल्लक ४२ हजार. दोन वर्षांच्या आयुष्याचे हे बेचाळीस हजार. आणि हा हिशोब काम मिळालेल्याचा आहे. ज्याला कामच मिळाले नाही त्याच्या वहीत जमेची बाजू कोरी असते, व्याज मात्र चालूच राहते.

काम मिळत नाही ते कसे? तर व्हिजिट व्हिसावर. कायद्याने परदेशी नोकरीसाठी माणसे भरण्याचा धंदा १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी असलेल्या एजंटालाच करता येतो. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असते. अशा माणसाला आखातातले देश, मलेशिया वगैरे १८ देशांत नोकरीला जायचे तर प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्सची मंजुरी लागते. त्या मंजुरीसाठी कराराचा कागद दाखवावा लागतो, विमा काढावा लागतो. एजंटाला हे सगळे नको असते. म्हणून तो पोराला पाहुणा म्हणून पाठवतो. "तिकडे गेल्यावर व्हिसा बदलून घेऊ," म्हणतो. तिकडे गेल्यावर त्याचा फोन लागत नाही.

अंबरनाथचा एक वेल्डर मुलगा असाच गेला. नाव सांगत नाही, त्याची बहीण अजून लग्नाची आहे. हाताला कसब असलेला मुलगा. एका खोलीत बाराजण. सकाळी फाटकांवर जाऊन उभे राहायचे, कामाचा परवाना नाही म्हणून हाकलून घ्यायचे, संध्याकाळी परत. व्हिसाची मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी त्याने घरी फोन केला की मी येतो. तिकिटापुरते पैसे त्याच्याकडे होते. आई म्हणाली, "बाळा, थोडं सोस. मामाला काय तोंड दाखवू?" बापाने फोनच घेतला नाही. पोरगा थांबला.

त्या देशात मुदतीनंतर राहिल्यास दिवसाला ५० दिरहॅम दंड लागतो. महिन्याचे पंधराशे. पाच महिन्यांत साडेसात हजार दिरहॅम, म्हणजे पावणेदोन लाखांच्या घरात. मूळ कर्जापेक्षा दंड मोठा झाला. सुदैवाने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात तिथल्या सरकारने माफी योजना काढली, दंड सोडून दिला, म्हणून तो घरी पोहोचला. माफी दर वर्षी निघत नसते. त्याआधीची मोठी योजना २०१८ सालची होती.

त्या आईला आम्ही काही बोललो नाही. बोलणार काय? मंगळसूत्र गहाण ठेवलेल्या बाईला हिशोब सांगण्याचे धाडस आमच्यात नाही. पण तुम्हा सर्वांना सांगतो, परत यायचे की नाही हा निर्णय पोरगा तिकडे घेतो असे आपल्याला वाटते. खरे तर तो इकडच्या स्वयंपाकघरात होतो. फोनवर आपण "थांब" म्हटले की तो थांबतो, मग ते थांबणे त्याच्या जिवावर बेतले तरी. शेजारची बाई विचारेल, "काय हो, इतक्यात आला?" एवढ्यासाठी आपण पोराला पाच महिने उपाशी ठेवायचे?

इथे एक गोष्ट आठवते. बाबासाहेब १९१७ साली लंडनहून परतले ते शिक्षण अर्धवट टाकूनच. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली होती. लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी घेऊन ठेवली आणि ऑगस्टमध्ये मुंबईला उतरले. महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके ज्या बोटीने यायची होती ती बोट बुडवली गेली. पुढे बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही ती कथा आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. १९२० साली साठवलेले आणि उसने घेतलेले पैसे घेऊन ते पुन्हा गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. घेतली. आपण त्यांच्या १९२३ च्या फोटोला हार घालतो. १९१७ साली रिकाम्या हाताने बोटीतून उतरलेल्या सव्वीस वर्षांच्या तरुणाला रमाईने काय विचारले असेल, त्याचा विचार करत नाही. आणि जाताना परवानगीचा कागद घेऊन ठेवला, हे तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

कागदाचे महत्त्व आपल्याला आणखी एका प्रसंगाने शिकवले. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा तिथले आपले लोक वाळवंट तुडवत जॉर्डनला पोहोचले आणि अम्मानहून एअर इंडियाने सुमारे १ लाख ७० हजार माणसे मायदेशी आणली. पुढे संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाई आयोग नेमला. कुवेत सोडावे लागलेल्या साध्या कामगारालाही ठरावीक रक्कम मिळाली, पण त्यासाठी आपण तिथे होतो आणि तिथून निघालो हे दाखवावे लागले. पासपोर्ट, कामाचे ओळखपत्र, पगाराची पावती, ज्याने पिशवीत जपले त्याचे काम सोपे झाले.

२०१६ साली सौदीत वेगळाच पेच पडला. तेलाचे भाव कोसळले, सौदी ओगर ही बांधकाम कंपनी डबघाईला आली आणि हजारो भारतीय कामगार छावण्यांत महिनोन्‌महिने बिनपगारी पडून राहिले. कँटीन बंद झाले, वकिलातीने शिधा वाटला. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी त्यांना आणण्याची तयारी केली, राज्यमंत्री व्ही. के. सिंह जेद्दाला गेले. तरी बरेच कामगार निघायला तयार नव्हते. सात-आठ महिन्यांचा पगार बुडेल ही भीती. त्यांना चूक कोण म्हणेल? पण रिकाम्या छावणीत बसून पगार वसूल होत नसतो. आपला दावा तिथल्या कामगार कार्यालयात नोंदवायचा, वकिलातीकडे लेखी देऊन त्याची पोच घ्यायची आणि मग निघायचे, हाच मार्ग होता. ही पोच फार जपावी. २०२० च्या करोनात वंदे भारतच्या विमानांनी आलेल्या किती जणांकडे ती होती? घाईघाईत आले, पगार तिकडेच राहिला.

आता निघायचे कसे, ते सांगतो. आपली माणसे तिकडे पहिली चूक करतात ती पळून जाण्याची. मालक त्रास देतो म्हणून दुसरीकडे लपून काम करतात. सौदीत मालकाने तक्रार केली की अशा माणसावर हुरूबचा शिक्का बसतो आणि सरळ घरी येणेही अवघड होते. तेव्हा पळण्याआधी वकिलात गाठावी. २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अडलेल्या, निराधार माणसाला तात्पुरता निवारा, कायदेशीर मदत आणि परतीचे तिकीट त्यातून मिळू शकते. दुबई, रियाध, जेद्दा, क्वालालंपूर इथे प्रवासी भारतीय सहायता केंद्रे आहेत. घरच्यांना इथूनही परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. मालकाने पासपोर्ट काढून घेतला असेल तर तेही सांगावे. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, मालकाची नव्हे.

रीतसर मंजुरी घेऊन गेलेल्याचा प्रवासी भारतीय विमा असतो. दोन वर्षांना २७५, तीन वर्षांना ३७५ रुपये आणि वर कर. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख मिळतात, एवढे लोकांना ऐकून ठाऊक असते. पण करारातले काम न देता दुसरेच दिले, मालक घ्यायलाच आला नाही, किंवा आपला दोष नसताना मुदतीआधी कामावरून काढले, तर वकिलातीच्या दाखल्यावर परतीचे भाडेही या विम्यातून मिळते. हे आम्ही आतापर्यंत ज्यांना सांगितले त्यांतल्या एकालाही आधी माहीत नव्हते.

बायकांच्या बाबतीत तर फारच जपले पाहिजे. या देशांत घरकामाला जाणाऱ्या बाईचे वय किमान ३० हवे आणि भरती सरकारमान्य संस्थेमार्फतच हवी, असा नियम आहे. तरी बदलापूरची एक चोवीस वर्षांची सून ओमानला व्हिजिट व्हिसावर गेली. तिथे फोन काढून घेतला, अठरा-अठरा तास काम. परत आण म्हणून तिची आई आमच्याकडे रडत होती, आणि नवरा म्हणत होता की करार दोन वर्षांचा आहे. कसला करार? एका कागदावर अरबीत चार ओळी होत्या, त्या नवऱ्यालाही वाचता येत नव्हत्या. शेवटी आईच्या अर्जावर वकिलातीने तिला सोडवले.

आणि कॉम्प्युटर शिकलेल्या पोरांसाठी नवा सापळा निघाला आहे. थायलंडमध्ये डेटा एंट्री, पगार साठ-सत्तर हजार. बँकॉकला उतरवतात आणि म्यानमारच्या सीमेपलीकडे नेऊन लोकांना फोनवरून फसवण्याच्या कामाला जुंपतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत अशा ५४९ भारतीयांना सोडवून आणले. यातली पोरे शिकलेली, इंग्रजी येणारी होती, म्हणून "आमचा बारावी झालाय, तो फसायचा नाही" या भ्रमात राहू नये.

जाण्याआधी एजंटाचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहावा. त्याला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. पावती मागावी. पावती देत नाही म्हणाला की उठून यावे. फसवणूक झालीच तर पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी आणि तिची एक प्रत प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्सच्या मुंबई कार्यालयाला द्यावी. ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे, कुर्ल्याला उतरून जाता येते. एजंट ओळखीचा, नात्यातला असतो म्हणून आपले लोक तक्रार टाळतात. तोच एजंट पुढच्या महिन्यात शेजारच्या गल्लीतून आणखी चार पोरे नेतो.

आल्यावरचे पहिले दोन महिने वाईट असतात. पोरगा घराबाहेर पडत नाही, विहारातही येत नाही. सावकार मात्र दारात येतो. त्याच्याशी बोलायला पोराला एकट्याला पुढे करू नका. घरातले, वस्तीतले दोन जाणते लोक बसवून व्याज थांबवून हप्ता ठरवून घ्यावा. आम्ही असे तीन वेळा बसलो आणि तिन्ही वेळा सावकार कमी-जास्त करून तयार झाला, कारण त्यालाही मुद्दल हवे असते. तो वेल्डर आता आनंदनगर एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लागला आहे. पगार फार नाही. स्वतःचे मशीन घ्यायचे त्याच्या मनात आहे, त्यासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या कर्जाचा अर्ज आम्ही त्याला भरून दिला. उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून यायचा राहिला आहे, आणि मामाचे अठ्ठावीस हजार अजून द्यायचे आहेत.