विश्लेषण : तापमान मोजायला लेझर कशाला? आणि हे संशोधन दोन वर्षांच्या नोकरीत कसं बसवायचं?

बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवाव्या लागतात. हेपेटायटिस-बीची लस गोठली तर तिचा परिणाम कमी होतो, आणि नुसती बाटली बघून ते कळेलच असं नाही. सगळा भरवसा फ्रिजमधल्या थर्मामीटरवर. पण तो थर्मामीटर बरोबर आहे, हे कोण सांगणार?

या साध्या प्रश्नावर जगातल्या मोठ्या प्रयोगशाळा सध्या लेझर घेऊन काम करत आहेत. त्यातलं बरंचसं काम नुकतीच पीएचडी झालेले, ठरावीक मुदतीवर नेमलेले ‘पोस्टडॉक’ संशोधक करतात. खरी अडचणही तिथेच आहे.

सध्या तापमानाची खात्री कशी होते?

तुमचा थर्मामीटर त्याहून अचूक थर्मामीटरशी ताडून बघतात, तो आणखी अचूक थर्मामीटरशी. ही साखळी देशाच्या मापन संस्थेपर्यंत जाते. भारतात ती दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. साखळीच्या वरच्या टोकाला असते प्लॅटिनमची बारीक तार. तापमान वाढलं की तिचा विद्युत रोध वाढतो. ही पद्धत उत्तम आहे, पण नाजूक. तारेला धक्का बसला तरी आकडा सरकतो आणि पुन्हा तपासणी करावी लागते.

२० मे २०१९ पासून केल्विन या एककाची व्याख्या बदलली. आधी ती पाण्याच्या त्रिबिंदूवर, म्हणजे बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र नांदतात त्या तापमानावर आधारलेली होती. आता ती बोल्ट्झमन स्थिरांक या निसर्गातल्या न बदलणाऱ्या संख्येवर उभी आहे. व्याख्या बदलली, पण रोजच्या वापरातली साखळी बहुतांशी जुनीच राहिली.

लेझर नेमकं काय करतो?

इथे दोन वाटा आहेत.

पहिली वाट चिपची. अमेरिकेची मापन संस्था ‘निस्ट’ यावर अनेक वर्षं काम करतेय. सिलिकॉनच्या चिपवर केसाच्या जाडीहूनही लहान असू शकेल अशी कडी कोरतात. लेझरचा प्रकाश ठरावीक तरंगलांबीलाच त्या कडीत अडकून फिरतो. तापमान एका अंशाने वाढलं की ही तरंगलांबी साधारण ७० ते ८० पिकोमीटर सरकते. एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग, पण लेझरने एवढा फरकही टिपता येतो.

दुसरी वाट अणू-रेणूंची. वायू जितका गरम, तितके त्याचे रेणू वेगाने धावतात आणि ते प्रकाश शोषतात तो पट्टा रुंद होतो. ही रुंदी मोजून तापमानापर्यंत पोहोचता येतं. २००७ मध्ये पॅरिसजवळच्या संशोधकांनी अमोनिया वायूवर हे करून दाखवलं. जानेवारी २०२५ मध्ये ‘निस्ट’ने पुढचं पाऊल टाकल्याचं जाहीर केलं. लेझरने रुबिडियमचे अणू इतके उत्तेजित केले की ते नेहमीपेक्षा सुमारे हजारपट मोठे झाले. भोवतालच्या उष्णतेचा त्यांच्यावर होणारा परिणाम बघून, स्पर्श न करता तापमान काढता येतं. या वाटेत आधी दुसऱ्या थर्मामीटरशी ताडून घ्यावं लागत नाही, हा मोठा फायदा.

मग घोडं कुठे पेंड खातं?

अणूंची उपकरणं अजून प्रयोगशाळेच्या टेबलावरच आहेत. चिप लहान आहे, पण तिलाही आधी ताडून घ्यावं लागतं. प्रकाश आणणारी काचेची तार चिपला चिकटवतात, तो गोंद उष्णतेने हलतो. खुद्द लेझरमुळेही चिप किंचित गरम होते. शिवाय आज बरोबर असलेला आकडा तीन वर्षांनीही बरोबर राहतो का, हे कळायला तीन वर्षं थांबावंच लागतं. त्याला दुसरा इलाज नाही.

आणि ‘निस्ट’मधली पोस्टडॉक संशोधकांसाठीची नावाजलेली फेलोशिप असते दोन वर्षांची, तीही फक्त अमेरिकी नागरिकांसाठी. इतर देशांतही पोस्टडॉकची मुदत सहसा अशीच मोजकी असते. संशोधक उपकरण उभारतो, पहिले आकडे मिळवतो, शोधनिबंध छापतो आणि पुढची नोकरी शोधायला लागतो. चिप कशी चिकटवली, कुठला आकडा संशयास्पद होता, हे हाताला बसलेलं ज्ञानही त्याच्याबरोबर जातं. नवा शोध छापून येतो, पण तो टिकतो का हे वर्षानुवर्षं तपासत बसायला तितका मान मिळत नाही.

आपला संबंध काय?

प्रकाशावर विजेचा परिणाम होत नाही, म्हणून काचेच्या तारेतले तापमापक ट्रान्सफॉर्मर आणि तेलविहिरींमध्ये आधीच वापरात आहेत. पण लसीचा फ्रिज असो की औषधाचा कारखाना, तिथे एखादा नवा थर्मामीटर स्वीकारायचा तर तो वर्षानुवर्षं बरोबर राहतो याचा पुरावा लागतो. त्यासाठी प्रयोगशाळांना लेझरइतकीच गरज आहे ती एकाच कामावर टिकून राहणाऱ्या माणसांची. भारतासह ज्या देशांना या क्षेत्रात पुढे जायचंय, त्यांनी फेलोशिपची संख्या वाढवताना तिची मुदतही बघायला हवी.