बिनकळपाचा मेंढपाळ

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरील डोंगराळ मुलुखात मेंढपाळाचे खरे वैभव म्हणजे त्याचा कुत्रा. दूरच्या उतारावर मेंढ्या विखुरलेल्या असतात. धनी पायथ्याशी उभा राहून नुसती शीळ घालतो आणि त्याचा काळापांढरा बॉर्डर कॉली कुत्रा मोठा वळसा घेऊन कळपाच्या मागे जातो. तो सहसा भुंकत नाही की चावत नाही. अंग जमिनीसरसे करून तो मेंढ्यांवर नजर रोखतो आणि त्या नजरेच्या धाकाने सारा कळप निमूटपणे धन्याकडे येऊ लागतो. महाराष्ट्रातील धनगरांचा कुत्रा मुख्यतः लांडग्यापासून कळपाची राखण करतो; कॉलीचे काम त्याहून निराळे. मेंढ्या राखणे नव्हे, तर मेंढ्या वळणे हा त्याचा धर्म होय.

हा गुण त्याच्या अंगी कोठून आला? लांडगा शिकार करताना प्रथम सावजावर नजर रोखतो, मग दबा धरतो, पाठलाग करतो आणि शेवटी झडप घालून त्याला ठार करतो. ज्यांच्यात पहिल्या तीन गोष्टी प्रबळ आणि शेवटची दुबळी, असेच कुत्रे मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडले. नॉर्थम्बरलंडमधील अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे १८९३ साली जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा कुत्रा अशा शांत कामासाठी नावाजला गेला. आजच्या बहुतेक बॉर्डर कॉली कुत्र्यांचा तो पूर्वज मानला जातो. सारांश, कॉलीचा स्वभाव हा माणसाच्याच हातची घडण आहे.

आता असेच एक पिल्लू शहरातील घरी येते, असे समजावे. दोन महिन्यांचे ते मऊ, गोजिरवाणे पिल्लू पाहून सर्वांना आनंद होतो. पण काही महिन्यांतच त्याच्या रक्तातील मेंढपाळ जागा होतो. मेंढ्या तर तेथे नाहीत. मग ते सायकलींच्या मागे धावते, धावणाऱ्या मुलांच्या टाचांना चावे घेऊन त्यांना एका कोपऱ्यात आणू पाहते. दिवसभर एकटे कोंडले गेले, तर उशा फाडते, दारे कुरतडते. घरची माणसे कंटाळतात, ‘कुत्रा द्वाड निघाला’ असा निवाडा देतात आणि एके दिवशी त्याला अनाथ प्राण्यांच्या आश्रयगृहात पोहोचवितात. वस्तुतः अपराध पिल्लाचा नसतो. ज्या कामासाठी त्याला घडविले, तेच काम ते करीत असते.

अशा टाकून दिलेल्या जिवांना आसरा देण्याचे कार्य जुने आहे. मेरी टील्बी या बाईंनी १८६० साली लंडनमध्ये बेवारशी कुत्र्यांसाठी एक निवारा उघडला. त्या वेळी पुष्कळांनी त्यांची थट्टा केली. परंतु तीच संस्था १८७१ मध्ये बॅटरसी येथे गेली आणि आजही हे काम करीत आहे. कॉलीसारख्या एकाच जातीच्या कुत्र्यांना सोडवून त्यांना नवे घर पाहून देणारी मंडळेही आता आहेत. पिल्लू मागावयास गेलेल्या कुटुंबाला तेथे नाना प्रश्न विचारले जातात. पिल्लू दिवसाचे किती तास एकटे राहील? भर पावसात त्याला फिरावयास कोण नेईल? घरात लहान मुले आहेत काय? कित्येकदा सरळ नकारही मिळतो.

यावर काहींना राग येतो. ‘इतके कुत्रे निराधार असताना, जो प्रेमाने मागतो त्याला का देऊ नये?’ असा त्यांचा सवाल असतो. तो अगदीच खोटा नाही. कोंडवाड्यात दिवस काढण्यापेक्षा साधेसे घरही बरे, हे खरेच. कोणतेही कारण न सांगता दिलेला नकार अन्यायाचाही ठरू शकतो. तथापि एकदा टाकलेले पिल्लू नव्या घरातूनही परत आले, तर त्याचा माणसावरील विश्वास दुसऱ्यांदा मोडतो, आणि पुढचे घर मिळणे अधिकच कठीण होते. म्हणून ते प्रश्न अपमानाचे नसून पिल्लाच्या वतीने विचारलेले असतात. कारण त्याला स्वतःला बोलता येत नाही.

मग अशा पिल्लाला कोणी घरी नेऊच नये काय? असे मुळीच नाही. त्याला मेंढ्या देता आल्या नाहीत, तरी काम देता येते. अमेरिकेतील मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक जॉन पिली यांनी आपल्या ‘चेसर’ नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीला तीन वर्षांत १०२२ खेळण्यांची नावे शिकविली. नाव उच्चारताच ती नेमके तेच खेळणे उचलून आणीत असे. यासाठी पिली रोज कित्येक तास तिच्याबरोबर घालवीत. एवढे प्रत्येकाला साधणार नाही. पण लपविलेली वस्तू वासावरून शोधावयास लावणे, हाकेसरशी परत येण्यास शिकविणे, सकाळ-संध्याकाळ दूरवर फिरविणे आणि खेळानंतर शांत पडून राहण्याचीही सवय लावणे, हे कष्टाळू कुटुंबाला अशक्य नाही. आश्रयगृहातून आलेले पिल्लू आरंभी भेदरलेले असते. त्याला निवांत कोपरा आणि ठराविक वेळापत्रक दिले, की हळूहळू त्याची भीती जाते.

दया ही क्षणाची असते, जबाबदारी मात्र बारा-पंधरा वर्षांची असते. पिल्लाला उचलून पोटाशी धरणे कोणालाही जमते. ते मोठे झाल्यावर, थंडीच्या पहाटे अंथरूण सोडून त्याच्याबरोबर चालावयास जो निघतो, त्याचेच प्रेम खरे. आणि आपल्याकडून एवढे होणार नाही हे ओळखून जो मुलगा पिल्लाचा हट्ट सोडून देतो, त्यानेही त्या मुक्या जिवावर उपकारच केलेले असतात.