योगशिबिरे आणि ताणाचे मूळ

योगाशी आमचे वैर नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्याला प्रयोगशाळेची शिस्त दिली, हे कार्य मोलाचेच. परंतु शहापूर-मुरबाडच्या डोंगरांत थकल्याभागल्या मुंबईकरांसाठी योगशिबिरे भरतात, तेव्हा विचारले पाहिजे: हा ताण येतो कोठून? २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाच्या दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. आधी श्रमिकाची विश्रांती हिरावायची आणि मग तीच सधनांना विकायची, असा हा व्यवहार आहे. ज्या शहापूर तालुक्यातील तानसा-भातसाचे पाणी मुंबई पिते, तेथील पाड्यांवरच्या आदिवासी स्त्रिया उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. त्यांच्या ताणाची दखल कोण घेणार? आठ तासांचा दिवस आणि पाड्यावर नळ, या मागण्यांसाठी कार्यकर्त्यांनी उभे राहिले पाहिजे.