उधारी विकण्याआधी वही साफ करा



गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी मगरिबनंतर घरी आला. रामदासपेठेत जुन्या गाड्या विकणाऱ्या एका दुकानात तो हिशेब सांभाळतो. चेहरा उतरलेला होता. म्हणाला, "सर, मालकांना रोख रकमेची गरज आहे. गिऱ्हाइकांकडून येणे असलेले सगळे हप्ते ते एका व्यापाऱ्याला विकणार आहेत. त्याआधी वही 'तयार' कर म्हणतात."

हा व्यवहार असा असतो. दुकानदार थोडी रक्कम आधी घेऊन गाडी देतो, बाकीची हप्त्याने घेतो. पुढे त्याला पैसा लागला की शंभर रुपयांचे येणे तो ऐंशीला दुसऱ्याला देतो. मग हप्ते तो दुसरा वसूल करतो. घेणारा आधी कागद पाहतो: सहीचा करार, ओळखपत्रांच्या प्रती, आरसी, विमा आणि प्रत्येक हप्त्याची नोंद. नोंदी जितक्या चांगल्या, तितका भाव जास्त.

इथेच नियत घसरते. उशिरा आलेले हप्ते वेळेवर आल्याचे दाखवायचे, कोऱ्या कागदावरच्या सह्यांवर मजकूर भरायचा. एका ऑटोचालकाने चार हप्ते रोख दिले होते, वहीत दोनच होते. बाकीचे दोन या मुलानेच घेतले होते. त्या दिवसांत पावतीपुस्तक संपलेले होते. वही तशीच विकली गेली, तर त्या ऑटोवाल्याला दोन हप्ते पुन्हा भरावे लागले असते.

मी त्याला सूरह बकराच्या 282 व्या आयतीची आठवण दिली. कुरआनातली ही सर्वांत लांब आयत, आणि विषय आहे उधारीची लिखापढी. त्यात मजकूर सांगण्याचा हक्क देणे असलेल्या माणसाला दिला आहे, म्हणजे दुबळ्या बाजूला. मग त्याच्या माघारी आकडा ठरवणारे आपण कोण?

कायदाही हेच सांगतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे बिनतारण येणे दुसऱ्याला द्यायचे, तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागते. गिऱ्हाइकाला त्याची खबर मिळेपर्यंत त्याने जुन्या दुकानदाराला दिलेला हप्ता दिलेलाच धरतात. बँका आणि फायनान्स कंपन्यांवर रिझर्व्ह बँकेचे 24 सप्टेंबर 2021 चे निर्देश आले. त्यांत दोन वर्षांपर्यंतचे कर्ज किमान तीन महिने आणि त्याहून लांब मुदतीचे सहा महिने स्वतःकडे ठेवल्यावरच विकता येते, असे सांगितले आहे. दुकानाच्या वहीवर असा पहारा नाही. तिथे पहारा आपल्या इमानाचा.

आता दीनचा प्रश्न. हप्त्याने विकताना किंमत रोखीपेक्षा जास्त ठेवता येते. पण ती सौद्याच्या वेळीच एक ठरावी, उशीर झाला म्हणून नंतर वाढू नये. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने 1990 मध्ये हे स्पष्ट केले. शंभरचे येणे तिसऱ्याला ऐंशी रोखीत विकणे मात्र बहुतेक उलमा रिबा मानतात. मलेशियातल्या काही उलमांचे मत वेगळे आहे. पण 1992 मध्ये याच अकादमीने एक वाट मोकळी ठेवली: आधी ठरलेले नसेल आणि मध्ये तिसरा नसेल, तर गिऱ्हाईक लवकर पैसे देत असताना दुकानदार रक्कम कमी करू शकतो. मी मुफ्ती नाही. तुमच्या व्यवहाराबद्दल जाणत्या आलिमांना विचारा.

मुलाने दुसऱ्या दिवशी ते दोन हप्ते वहीत चढवले, मालकांना दाखवले आणि ही वाटही सांगितली. मालक दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः काही गिऱ्हाइकांना फोन लावला: एकरकमी देता का, सूट देतो. काहींनी दिले, काहींना जमले नाही. मालकांना हवी होती तितकी रक्कम जमली नाही, पण व्यापाऱ्याकडे जाणे तूर्त टळले. ऑटोवाल्याला दोन पावत्या मिळाल्या.

तुमच्या घरात हप्त्यावर गाडी असेल, तर एवढे करा. कोऱ्या कागदावर सही देऊ नका. प्रत्येक हप्त्याची पावती घ्या. रोखीपेक्षा खात्यातून द्या. कोणी "आता हप्ता आम्हाला द्या" म्हणाला, तर जुन्या दुकानदाराच्या सहीचे पत्र मागा. आरसीवर बोजा चढलेला असेल, तर शेवटच्या हप्त्यानंतर फॉर्म 35 वर सही घेऊन आरटीओतून तो उतरवून घ्या.

आणि तुम्ही दुकानदार असाल, तर गिऱ्हाइकाला बोलवा, वही त्याच्यासमोर उघडा. त्याने मान्य केलेला आकडाच खरा आकडा.

अल्लाह आपल्या सगळ्यांचे हिशेब सोपे करो.