वैद्यकीय प्रवेश आणि ओस पडणारे वर्ग

अंबरनाथ येथे २०२४ मध्ये शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. औद्योगिक वसाहतीतील कामगाराच्या मुलाला डॉक्टरकी त्यामुळे आवाक्यात आल्यासारखी वाटेल. परंतु महाविद्यालय उंबरठ्यापाशी आले म्हणून प्रवेश सुलभ होत नाही. तो नीट परीक्षेच्या गुणानुक्रमानेच मिळतो. साहजिकच दहावीनंतर प्रश्न उभा राहतो तो असा की, तास व प्रात्यक्षिके काटेकोरपणे घेणारे कनिष्ठ महाविद्यालय निवडावे, की तेथे केवळ नाव नोंदवून खासगी शिकवणीवर्गाची वाट धरावी?

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते आणि पदवीचे गुणही प्रवेशासाठी विचारात घेतले जातात. कठीण अभ्यासक्रम पत्करून गुण घटले तर काय, ही तेथील विद्यार्थ्याची चिंता असते. आपल्याकडील पेच निराळा आहे. एके काळी इंटर सायन्सचे व पुढे बारावीचे गुण प्रवेश ठरवीत. २०१७ पासून राज्यातील प्रवेश नीटवर होत आहेत; बारावीचे गुण आता पात्रतेपुरतेच आहेत. नीटच्या ७२० गुणांपैकी निम्मे जीवशास्त्राला आहेत. उत्तरे पर्यायांतून निवडायची असतात. बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र या प्रत्येक विषयात प्रात्यक्षिकाला ३० गुण असले, तरी गुणानुक्रमात त्यांचे मोल शून्य!

ज्या श्रमाला मोल नाही तो श्रम कोणी आपखुशीने करीत नाही, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक नियम आहे. तेव्हा वर्ग ओस पडतात म्हणून पालकांना दोष देणे व्यर्थ होय. २०१८ मध्ये शासनाने विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. पण यंत्रावर बोट ठेवले म्हणून अध्ययनाची ओढ निर्माण होत नाही. रसायनांच्या कारखान्यांशेजारी वाढणारा विद्यार्थी परीक्षानळी हाती न धरताच रसायनशास्त्रात उत्तम गुण मिळवू शकतो, हा या व्यवस्थेतील विरोधाभास आहे.

मात्र या हिशेबाला दुसरी बाजू आहे. शिकवणीचे शुल्क भरू शकणाऱ्याला काटेकोर महाविद्यालय वेळेचा अपव्यय वाटते. कंत्राटी कामगाराच्या मुलाला तेच एकमेव शिकवणीवर्ग असते. पहिल्याने वर्गाकडे पाठ फिरवली की तास ढिले होतात, आणि त्याची किंमत दुसरा मोजतो. कष्टाचा अभ्यासक्रम संधी हिरावतो की देतो, हे अशा रीतीने घरच्या मिळकतीवर अवलंबून राहते.

केवळ बारावीच्या गुणांकडे परतणे हा यावरील उपाय नव्हे. निरनिराळ्या मंडळांचे गुण एका मापाने मोजता येत नाहीत आणि प्रात्यक्षिकाचे गुण सढळ हाताने वाटले जाण्याचा धोकाही आहे. तामिळनाडूने २०२० मध्ये सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा राखून या विषमतेची दखल घेतली. महाराष्ट्रानेही निदान अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयांच्या वेळापत्रकातच नीटची तयारी, सराव परीक्षा आणि बाहेरच्या परीक्षकांसमोर खरीखुरी प्रात्यक्षिके यांची सोय करावी. अन्यथा अंबरनाथचे वैद्यकीय महाविद्यालय कामगारवस्तीच्या शेजारी उभे राहील खरे. पण त्या वस्तीतील मुले तेथे रुग्ण म्हणूनच जात राहतील.