बफर संपले? आधी मोजा, मग वाढवा

सर्व्हर चालू आहे, प्रोसेसर निवांत आहे, डिस्कवर जागा आहे, तरी बाहेरून कोणालाच जोडता येत नाही. कन्सोलवर पाहावं तर 'बफरसाठी जागा शिल्लक नाही' अशा अर्थाचा संदेश. अशा वेळी नेटवर शोधलंत तर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: मर्यादा दुप्पट करा आणि मशीन रीस्टार्ट करा. माझ्या मते हे उत्तर बहुतेक वेळा घाईचं असतं, आणि कधी कधी नुकसान करणारं.

उदाहरणादाखल फ्रीबीएसडी घेऊ. नेटवर्कवरून येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट कर्नल 'एमबफ' नावाच्या छोट्या डब्यांत ठेवतो. ही कल्पना बर्कलीच्या ४.२ बीएसडीपासूनची, म्हणजे १९८३ सालची. आज एक एमबफ साधारणपणे २५६ बाइटचा, आणि जास्त डेटासाठी त्याला जोडला जाणारा 'क्लस्टर' २०४८ बाइटचा असतो. १५०० बाइटचं पॅकेट आलं तरी अख्खा क्लस्टर अडतो. हे डबे कर्नलच्या मेमरीत असतात आणि ती मेमरी गरज पडली तरी डिस्कवर हलवता येत नाही. म्हणून त्यांच्या संख्येला मर्यादा घातलेली असते.

आता मंडळाच्या गणपतीतला महाप्रसाद आठवा. ताटं कमी पडली तर कारणं तीन. माणसं खरंच जास्त आली. किंवा जेवण झालेली मंडळी ताट पुढ्यात घेऊन गप्पा मारत बसली. किंवा धुवायला गेलेली ताटं परत आलीच नाहीत. नवीन ताटं आणणं हा फक्त पहिल्या कारणावरचा इलाज आहे. बफरचंही तसंच: एक तर खरोखरचा भार, नाही तर आलेला डेटा न उचलणारा प्रोग्रॅम, नाही तर ड्रायव्हरमधली गळती.

यातलं कोणतं, हे ओळखायला महागडं साधन लागत नाही. 'नेटस्टॅट -एम' ही आज्ञा द्या. किती क्लस्टर वापरात आहेत, किती राखीव आहेत, कमाल किती, आणि किती मागण्या नाकारल्या गेल्या, हे सगळं दिसतं. नाकारलेल्यांचा आकडा शून्य असेल तर डबे संपलेलेच नाहीत. नेटवर्क कार्डाची बाहेर पाठवायची रांग भरली तरी 'पिंग'ला हीच चूक दिसते. त्यावर क्लस्टर वाढवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आकडा शून्य नसेल तर दर पाच मिनिटांनी नोंद घ्या, निदान एक दिवस. कामाच्या वेळी वर जाऊन रात्री खाली येणारा आलेख हा भाराचा. जिन्यासारखा फक्त चढत जाणारा आलेख हा अडकलेल्या प्रोग्रॅमचा किंवा गळतीचा. मग 'नेटस्टॅट -एएन' मध्ये प्रत्येक जोडणीच्या येणाऱ्या रांगेचा रकाना पाहा. तिथे मोठा आकडा हलत नसेल, तर 'सॉकस्टॅट' त्या जोडणीमागचा प्रोग्रॅम दाखवतं. रांगा रिकाम्या आणि तरी क्लस्टर वाढतायत, तर संशय ड्रायव्हरवर घ्या.

मर्यादा कधीच वाढवू नये असं मी म्हणत नाही. आपल्यापैकी काही जण इथून भारतातल्या संस्थांना मोठे डेटासेट पाठवतात. जाऊन-येऊन २५० मिलिसेकंद लागत असतील आणि १ गिगाबिटची जोडणी पूर्ण भरायची असेल, तर पोच येईपर्यंत ३१.२५ मेगाबाइट डेटा पाठवणाऱ्याला धरून ठेवावा लागतो. २०४८ बाइटच्या हिशेबाने हे सुमारे १५ हजार क्लस्टर झाले. १० गिगाबिटला दीड लाख. इथे वाढवणं रास्तच आहे. फक्त ४०९६ बाइट आणि त्याहून मोठ्या क्लस्टरच्या मर्यादा वेगळ्या असतात, तेव्हा नेमकी कोणती ओळ भरली ते पाहून तीच वाढवा.

यावर तुम्ही म्हणाल, लोक खोळंबलेत, तेव्हा आलेख काढत बसायचं का? नाही. पण आधी 'नेटस्टॅट'चं उत्तर फाइलमध्ये साठवा, मग चालू मशीनवरच 'सिसकंट्रोल'ने मर्यादा वाढवा. यात एक मिनिटही जात नाही. रीस्टार्ट केलंत तर मोजणी शून्यावर येते आणि पुरावा जातो. गळती असेल तर दुप्पट मर्यादेने एवढंच होतं की बुधवारी बंद पडणारा सर्व्हर शनिवारी रात्री बंद पडतो, जेव्हा ऑफिसात कोणी नसतं. शिवाय मर्यादा ही संरक्षक भिंतही आहे. ती असली तर एका बिघडलेल्या प्रोग्रॅमपायी नेटवर्क अडतं, पण कन्सोलवरून लॉगइन करून दुरुस्ती करता येते. भिंत फार मागे सरकवली तर तोच प्रोग्रॅम कर्नलची मेमरी खाऊन अख्खं मशीन आडवं करू शकतो.

दोष थोडा प्रणाली लिहिणाऱ्यांचाही आहे. लिनक्सची रचना वेगळी, पण तिथेही टीसीपीची मेमरी संपली की कर्नलचा संदेशच मर्यादा बदलायचा विचार करा असं सुचवतो. असा संदेश काय संपलं ते सांगतो. का संपलं, ते सांगत नाही. प्रयोगशाळेत एखाद्या उपकरणाचा काटा टोकाला गेला तर आपण मोठी पट्टी लावण्याआधी काय मोजलं जातंय ते बघतो. सर्व्हरलाही तोच न्याय लावा. पुढच्या वेळी हा संदेश दिसला तर मर्यादेला हात लावण्याआधी ते आकडे तारीख-वेळेसह साठवा, आणि दुसऱ्या दिवशी निवांतपणे वाचा.