मुलीचे बिऱ्हाड आणि आपले नाव

१९२९ सालची गोष्ट आहे. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीचे सदस्य म्हणून पूज्य बाबासाहेब खानदेशात आले होते. धुळ्याकडील काम आटोपून परतताना ते चाळीसगावला उतरले. आपल्या वस्तीत त्यांनी एक रात्र काढावी, असा तेथील आपल्या माणसांचा आग्रह होता. वस्ती पायी जाण्याइतकी जवळ होती. परंतु एवढा थोर पाहुणा पायी कसा न्यावा? टांगा हवा होता, आणि अस्पृश्याला घेऊन टांगा हाकावयास कोणी टांगेवाला तयार होईना. अखेर एकाने टांगा दिला, पण हाकण्याचे नाकारले. तेव्हा आपल्यापैकीच एकाने, ज्याने त्यापूर्वी कधी लगाम धरला नव्हता, तो हाती घेतला. पुलावर टांगा अडखळला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

या प्रसंगातील टांगेवाल्यांचा दोष आपण नेहमी सांगतो व तो सांगितलाच पाहिजे. परंतु त्यात आपल्याही शिकण्यासारखे काही आहे. यजमानांचे प्रेम खरे होते, पाहुण्याचा मान राखण्याची तळमळही खरी होती. उणीव एकच होती, टांगा हाकण्याच्या ज्ञानाची. आज खानदेशातील अनेक आईबाप आपल्या कमावत्या मुलींसाठी पुण्या-मुंबईत बिऱ्हाड शोधावयास निघतात, तेव्हा आम्हांस चाळीसगावच्या त्या पुलाची आठवण होते.

जळगावच्या एका परिचित कुटुंबाची हकीकत सांगतो. मुलगी पदवीधर होऊन पुण्यात नोकरीस लागली. पहिले काही महिने तिने दूरच्या नातलगांच्या दोन खोल्यांत सहा माणसांसह काढले. मग तिने लहानसे स्वतंत्र बिऱ्हाड घेण्याचे ठरविले. वडील रजा काढून, रात्रीच्या गाडीने पुण्यास गेले. बापलेकींनी दोन दिवसांत चार जागा पाहिल्या. पहिल्या ठिकाणी भाडे ठरले, अनामत ठरली आणि पूर्ण नाव सांगताच जागा ‘नात्यातल्या माणसाला’ देण्याचे निघाले. दुसऱ्या ठिकाणी ‘आम्हांला शाकाहारीच हवेत’ हे कारण निघाले. ते कारण नाव कळण्यापूर्वी कोणास सुचले नव्हते! तिसऱ्या ठिकाणी दलालाने वडिलांना बाजूला घेऊन मोठ्या आपुलकीने सल्ला दिला की, आडनाव सांगू नका, गावाच्या नावाला ‘कर’ जोडा, म्हणजे काम होईल.

वडिलांचे मन डळमळले. ते भित्रे नव्हते, थकलेले होते. मुलगी म्हणाली, “आप्पा, त्या नावाने खोली मिळेल, पण मग तुम्ही आणि आई आलात की मला आधी तुम्हांला काय बोलायचे ते शिकवावे लागेल. चौदा एप्रिलला खिडकी लावून बसावे लागेल. ती खोली माझी कशी?”

चौथी जागा त्यांनी घेतली. ती लहान होती व कचेरीपासून तासभर दूर होती. मालकाने नाव ऐकले, वेतन विचारले आणि भाडे कोणत्या तारखेस मिळेल एवढेच विचारले. खऱ्या नावाची किंमत म्हणून ही मुलगी रोज येण्याजाण्याचे दोन तास भरीत आहे. हे मुद्दाम लिहितो. कारण स्वाभिमान फुकट मिळतो असे सांगणे ही फसवणूक होईल.

आता प्रश्न असा की, दलालाचा सल्ला मानला असता तर काय बिघडले असते? आमचे काही सुज्ञ बांधव म्हणतात की, अन्यायी माणसापुढे खरे बोलण्याचे बंधन कशाला? आधी डोक्यावर छप्पर येऊ द्या, तत्त्वे मागाहून पाहू. हा युक्तिवाद आम्ही हसण्यावारी नेत नाही. खुद्द बाबासाहेबांवर ही वेळ आली होती. १९१७ साली ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना त्या शहरात राहावयास जागा मिळेना. शेवटी पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले आणि जागा तत्काळ सोडण्याचा हुकूम झाला. ज्या मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला त्यांनीही असमर्थता दाखविली. उरलेला वेळ सार्वजनिक बागेत काढून, रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले.

त्या वेळी त्यांच्यापाशी दुसरा मार्ग नव्हता, म्हणून त्यांस कोणी दोष देणार नाही. परंतु अनुभव काय सांगतो? उसन्या नावाने मिळालेली जागा ते नाव टिकेल तोवरच टिकते. दरम्यान राहणाऱ्याला प्रत्येक पत्राची, प्रत्येक पाहुण्याची, भिंतीवरील प्रत्येक तसबिरीची धास्ती असते. शिवाय आजच्या काळी आधारपत्र आणि बँकेची कागदपत्रे करारास लागतात. तेथे बनावट नाव चालणार कसे? आणि ज्यांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांना तर हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. पंचशीलातील चौथे शील असत्य भाषणापासून दूर राहण्याचे आहे. ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाला ‘आम्ही बौद्ध’ हे सरळ उत्तर देता यावे, यासाठीच आपण १९५६ च्या मार्गाने आलो. ते उत्तर विहारात मोठ्याने द्यावयाचे आणि घरमालकाच्या दारात गिळावयाचे, हे कसे चालेल?

परंतु केवळ छाती पुढे काढून भागत नाही. लगाम धरता आला पाहिजे. म्हणून कायद्याचा थोडा विचार करू. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने भारताच्या कोणत्याही भागात राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने, कोणत्याही वस्तीत राहती जागा घेण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून अडथळा करणे हा गुन्हा ठरविला आहे. १९९० पासून बौद्ध झालेल्या आपल्या बांधवांचा समावेश अनुसूचित जातींत आहे. परंतु १९५५ चा कायदा असूनही जळगावच्या त्या मुलीला दोनदा नकार मिळालाच. कारण नकार देणारा आज ‘जात’ हा शब्द उच्चारीत नाही. प्रा. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांविषयी केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला; दलित व मुसलमान भाडेकरूंच्या वाट्यास नकार किंवा जाचक अटी कशा येतात, ते त्यात दिसून आले. उलट, २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेस आपले सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याची मुभा दिली. तेव्हा न्यायालयाची वाट सोपी आहे असे कोणी समजू नये. नकार मिळाल्यास तारीख, वेळ व शब्द त्याच दिवशी लिहून ठेवावे. भ्रमणध्वनीवरील संदेश पुसू नयेत. पुराव्याशिवाय तक्रार उभी राहत नाही.

जागा मिळाल्यावरही सावध असावे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असा समज आपल्याकडे सर्रास आहे. तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. तशी नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. अनामत रक्कम रोख देऊ नये. बँकेमार्फत द्यावी व तिचा आकडा करारात लिहून घ्यावा.

आणि करार कोणाच्या नावाने करावा? येथे आम्ही वडीलमंडळींशी स्पष्ट बोलू इच्छितो. अनेक बाप म्हणतात, ‘पैसे मी भरतो, सही मी करतो, किल्ली एक माझ्यापाशी राहील.’ काहीजण तर म्हणतात, ‘एकटी मुलगी शहरात राहिली तर लोक काय म्हणतील? आधी लग्न, मग बिऱ्हाड.’ ज्या लोकांनी आपल्याला विहिरीवर येऊ दिले नाही त्यांचे म्हणणे आपण सोडून दिले. मग मुलीच्या बाबतीत तेच म्हणणे आपल्याला प्रमाण का वाटावे? सिगालोवाद सुत्तात आईबापांची जी कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत अपत्यांस विद्या-कला शिकविणे आहे आणि योग्य वेळी त्यांच्या वाट्याचे त्यांच्या स्वाधीन करणेही आहे. मुलीला शिकविण्याचे पहिले कर्तव्य आपण पार पाडले. दुसरे अजून जड जाते. बापाने सोबत जावे, नळाला पाणी येते का, दाराची कडी घट्ट आहे का, रात्री रस्त्यावर दिवा असतो का, हे पाहावे, अनामतीला हातभार लावावा. पण निवड मुलीची, सही मुलीची आणि किल्लीही मुलीची. लगाम तिला धरता येतो. तो आपण आपल्या मानासाठी ओढून घेतला तर टांगा उलटण्याचा संभव आहे.

शेवटी समाजाचे कर्तव्य. पुणे, मुंबई, नाशिक येथे आपल्यापैकी कित्येकांची घरे झाली आहेत. त्यांनी एक खोली खानदेशातून आलेल्या मुलीला योग्य भाड्याने द्यावी, हे उचित आहे. मात्र आपल्या मुलींनी आपल्याच वस्तीत राहावे, असे त्यातून ठरता कामा नये. गावकुसाबाहेरचा वाडा सोडून शहरात नवा वाडा बांधावयाचा नाही. म्हणून जळगाव व धुळे येथील प्रत्येक विहाराने एक वही ठेवावी. कोणत्या शहरात आपले कोण आहे, कोण मुलीसोबत जागा पाहावयास जाईल, करार वाचून देणारा वकील कोण, कोणत्या मालकाने नाव ऐकूनही सरळपणे जागा दिली, हे तीत लिहावे. नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठीच्या वसतिगृहांची माहितीही तीत असावी. या कामाला वर्गणी लागत नाही, सभाही लागत नाही.

जळगावच्या त्या मुलीने आपल्या दारावर पूर्ण नावाची पाटी लावली आहे. वडिलांनी ती जळगावहून करवून नेली. जाताना ते फक्त एवढेच म्हणाले, “अक्षरे जरा मोठी घेतली आहेत.”